शिशाची गोळी: केसाहून बारीक फरकाची गोष्ट

(एपिसोडचं शब्दांकन. अडखळलेले शब्द आणि मागचे हॉर्न काढून टाकलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. वाचायला साधारण दहा मिनिटं.)

हिंजवडीतून बोलतोय. तुम्ही फेज थ्रीकडे जाणाऱ्या रांगेत अडकून ऐकत असाल, तर आजचा एपिसोड ऑफिस येईपर्यंत नक्की संपेल. कदाचित दोनदा.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फीडमध्ये एक प्रकारचे अमेरिकन व्हिडिओ येतात. गॅरेजमध्ये एक माणूस छोट्या भट्टीत शिसं वितळवतो, साच्यात ओततो, चकचकीत गोळ्या बाहेर काढतो, मग एक हँडल दाबून त्या एकेक करून ‘साइझ’ करतो. शेवटी भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेऊन तो हरणाच्या शिकारीला निघतो. खाली आपल्याच मुलांच्या कमेंट असतात: हे आपल्याकडे करता येतं का? साइझ करायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि साच्यातून काढलेली गोळी थेट का वापरत नाहीत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, त्याचं कारण पुढे येईलच. दुसऱ्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र फार मजेशीर आहेत. आणि ती समजून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. हिंजवडीतून मुळा ओलांडली की बालेवाडी. तिथल्या शूटिंग रेंजवर याच शास्त्रावर रोज सराव चालतो.

शिसंच का?

शिसं जड आहे आणि मऊ आहे. गोळीसाठी हे दोन्ही गुण लागतात.

जड म्हणजे किती? एक घन सेंटिमीटर लोखंड ७.९ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढंच शिसं ११.३ ग्रॅम. लहान आकारात जास्त वजन बसलं की गोळी हवेतून जाताना वेग लवकर गमावत नाही.

मऊ म्हणजे? शुद्ध शिशावर नखानं ओरखडा उठतो. बंदुकीच्या नळीत आतून गोल फिरत जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असतात, त्याला रायफलिंग म्हणतात. गोळी त्या खाचांमध्ये घट्ट धरली गेली की स्वतःभोवती फिरते, आणि भोवऱ्यासारखी फिरत असल्यामुळेच ती सरळ जाते. मऊ शिशात खाचांचे ठसे सहज उमटतात आणि पोलादी नळी झिजतही नाही.

आणि तिसरी सोय म्हणजे शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडाला दीड हजाराच्या वर जावं लागतं. म्हणून शेकडो वर्षं गोळी ओतणं हे घराच्या चुलीवर किंवा छावणीतल्या शेकोटीवर होणारं काम होतं.

१८५७ चं काडतूस आणि एक अवघड कोडं

शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय: चरबी लावलेली काडतुसं, शिपायांचा असंतोष, २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे. पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हा प्रश्न वर्गात सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर आजच्या विषयाच्या गाभ्यात आहे.

तेव्हाची बंदूक तोंडाकडून भरायची असे. म्हणजे गोळी नळीच्या टोकातून आत ढकलायची. गोळी सैल असेल तर भरायला सोपी, पण बार उडाल्यावर वायू तिच्या कडेनं निसटणार आणि ती खाचांमध्ये धरलीच जाणार नाही. घट्ट असेल तर नेम चांगला, पण लढाईच्या धामधुमीत ती आत ठोकत बसायला वेळ कुणाकडे आहे? भरताना सैल पाहिजे, उडताना घट्ट पाहिजे. असं हे कोडं.

१८४९ मध्ये क्लोद मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्यानं यावर एक सुंदर तोड काढली. गोळी नळीपेक्षा थोडी बारीक ठेवायची, पण तिच्या बुडाला पोकळी करायची. बार उडाला की वायूच्या दाबानं ते मऊ बूड फुगतं आणि नळीला घट्ट बसतं. १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर होती. तिच्या नळीचं तोंड ०.५७७ इंच, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर. गोळी आणि दारू कागदाच्या पुडीत असायची. ही पुडी नळीतून सहज सरकावी, आतली जळकी घाण मऊ राहावी आणि कागद ओलाव्यात टिकावा, म्हणून त्यावर वंगण. ती पुडी दातानं फाडायची होती आणि वंगणात गायी-डुकराची चरबी असल्याची बातमी पसरली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यातून लक्षात ठेवायचे दोन शब्द: माप आणि वंगण. शिशाच्या गोळीचं सगळं शास्त्र आजही या दोन शब्दांभोवती फिरतं.

साच्यात ओतताना काय होतं?

आता त्या गॅरेजवाल्या व्हिडिओकडे येऊ.

गोळीचा साचा मोदकाच्या साच्यासारखाच असतो. दोन अर्धे भाग, बिजागरीवर मिटणारे. वर एक भोक असलेली पट्टी, त्या भोकातून वितळलेलं शिसं आत जातं. थंड झालं की पट्टी बाजूला सरकवून वरचं जास्तीचं शिसं कापायचं, साचा उघडायचा, गोळी बाहेर.

साचा पुरेसा गरम नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, कारण शिसं भरायच्या आधीच गोठायला लागतं. फार गरम असेल तर पृष्ठभाग दह्यासारखा पांढुरका दिसतो. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे बूड. नळीतून बाहेर पडताना गोळीला शेवटचा धक्का बुडावर बसतो, म्हणून बुडाची एक कड जरी तुटलेली असेल तरी गोळी वाकडी जाते. नाक थोडं खराब असलं तर एक वेळ चालतं. सदोष गोळ्या परत भांड्यात जातात. शिशाचं हे एक बरं असतं, चूक वितळवता येते.

शुद्ध शिसं मात्र क्वचितच वापरतात. त्यात थोडं कथील आणि थोडं अँटिमनी मिसळतात. कथील आपल्या ओळखीचं आहे, पितळी भांड्यांना कल्हई लावतात ती कथलाचीच. ते मिसळलं की वितळलेला धातू जास्त पातळ वाहतो आणि साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. अँटिमनी मिश्रणाला कडकपणा देतं, आणि धातू गोठताना जो आकसतो ते आकसणंही कमी करतं.

हेच तीन धातू एकत्र करून आपल्याकडे दुसरंच काही ओतलं जायचं: छापखान्यातले खिळे. ऑफसेट यायच्या आधी मराठी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं याच शिशाच्या खिळ्यांवर छापली जात. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरनं एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांच्या ओतकामात नाव कमावलं ते याच धातूवर. अक्षराची कड धारदार यायला हवी आणि सगळे खिळे एकाच उंचीचे हवेत, नाहीतर एक अक्षर गडद आणि शेजारचं फिकं. अमेरिकेत लायनोटाइप यंत्रं भंगारात निघाली तेव्हा त्यांचा धातू घ्यायला गोळ्या ओतणारे छंदिष्ट धावले. त्यांना तयार मिश्रण मिळालं: साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील.

साइझ करणं म्हणजे काय?

साच्यातून निघालेली गोळी मुद्दामच थोडी जाड असते. एकाच साच्यातल्या गोळ्यांतही तापमानानुसार सूक्ष्म फरक पडतो. मग प्रत्येक गोळी एका गुळगुळीत पोलादी भोकातून दाबून काढायची, म्हणजे सगळ्यांचा व्यास सारखा होतो. हेच साइझिंग. काही यंत्रांत त्याच वेळी गोळीच्या बाजूच्या खाचांमध्ये मेणासारखं वंगण भरलं जातं. मधमाश्यांचं मेण त्यातला एक जुना घटक आहे.

पण नेमका किती व्यास हवा? इथे खरी गंमत आहे. पॉइंट फोर फोर मॅग्नम या नावावरून गोळी ०.४४ इंचाची असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नळीचा खाचांपर्यंतचा व्यास असतो ०.४२९ इंच, आणि त्यासाठी शिशाची गोळी साधारण ०.४३० किंवा ०.४३१ इंचाची करतात. म्हणजे नळीपेक्षा एक ते दोन ‘थाऊ’ जाड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भोसरी-चाकणच्या मशिनशॉपमध्ये काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. मिलिमीटरमध्ये ते ०.०२५ ते ०.०५. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे सगळा खेळ केसाहून बारीक फरकाचा.

गोळी दोन थाऊ बारीक झाली तर? बार उडाल्यावर हजारो पौंडांच्या दाबाचा तापलेला वायू गोळीच्या कडेच्या फटीतून पुढे घुसतो. तो गोळीची कड कापत जातो, आणि कापलेलं शिसं नळीला आतून चिकटतं. पाच-पंचवीस बारांनंतर नळीत शिशाचा थर बसतो, खाचा बुजतात, आणि गोळ्या कुठेही जायला लागतात.

नवखा माणूस इथे म्हणतो, शिसं मऊ आहे म्हणून चिकटलं, अजून कडक मिश्रण घेऊ. आणि त्रास वाढतो! कारण कडक गोळी दाबाखाली फुगून फट बुजवत नाही. आजार मापाचा होता, औषध कडकपणाचं दिलं. अनुभवी लोक म्हणून आधी मायक्रोमीटर काढतात: मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूच ढकलायचा, त्यावर उमटलेला ठसा मोजायचा, मग बाकीचं बोलायचं.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक पेच असतो. गोळी आधी फिरत्या सिलिंडरमध्ये असते. तिथून निघताना ती घराच्या पुढच्या अरुंद तोंडातून जाते, मग एक छोटी मोकळी फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. घराचं हे तोंड नळीपेक्षा बारीक असेल, तर तुम्ही कितीही काळजीनं साइझ केलेली गोळी तिथेच पिळून बारीक होते आणि नळीत सैल पोचते. शिवाय सहा घरं म्हणजे सहा तोंडं, सगळी सारखी असायला हवीत. म्हणून रिव्हॉल्व्हरसाठी गोळी नळीच्या आधी या तोंडाच्या मापाची करतात.

मोठं रिव्हॉल्व्हर कशासाठी?

या छंदातलं मोठं नाव म्हणजे एल्मर कीथ. आयडाहोचा पशुपालक आणि लेखक. त्यानं रुंद, सपाट नाकाची शिशाची गोळी लोकप्रिय केली आणि ताकदवान काडतुसासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. १९५५ मध्ये पॉइंट फोर फोर मॅग्नम आलं. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. २००३ मध्ये तर अर्ध्या इंचाचं पॉइंट फाइव्ह हंड्रेड आलं.

तिकडच्या शिकाऱ्यांचा युक्तिवाद असा: जनावर तडफडत पळून जाऊ नये, एकाच नेमक्या गोळीत पडावं. त्यासाठी ते जवळ जाऊन, बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतून बार काढतात. आणि हातात धरलेल्या आखूड नळीनं तेवढा नेम साधायचा तर प्रत्येक गोळी शेजारच्या गोळीसारखीच हवी. म्हणून गॅरेजमधली ती सगळी ओताओत आणि मोजामोज.

आपल्याकडे का नाही?

आता पहिल्या प्रश्नाचं कारण. यात दोन वेगवेगळे कायदे आहेत.

एक, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. आपल्याकडे हौसेसाठी वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकाचं नुकसान अशा मोजक्या कारणांसाठी सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची तरतूद आहे, पण तिचा खेळाशी काही संबंध नाही.

दोन, शस्त्र कायदा १९५९. दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा फार कडक झाली आहे. त्यामुळे “दारू कुठे भरलीय, नुसत्या गोळ्याच ओतल्यात, यूट्यूबसाठी,” असं म्हणून सुटता येत नाही. नोकरी, पासपोर्ट, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं त्या एका रीलपायी अडकू शकतं. साचा ऑनलाइन दिसतोय म्हणजे मागवायला हरकत नाही, असं समजू नका.

पुणं या उद्योगाला अनोळखी आहे असं मात्र नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची फेररचना झाल्यावर म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आलं.

बालेवाडीत तेच शास्त्र

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्यानं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं, तो याच रेंजवर सराव करत आलाय.

त्याच्या रायफलमधली पॉइंट टू टू गोळी म्हणजे वंगण लावलेली साधी शिशाची गोळी, वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. ही गोळी कारखान्यात दाबून बनवतात, खेळाडू स्वतः काही ओतत नाहीत. पण मापाची काळजी तीच. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसाच्या कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात आणि आपल्या नळीला ज्या लॉटनं सगळ्यात घट्ट गट दिला तोच विकत घेतात.

दहा मीटर एअर रायफलचा छर्रा अजून बोलका. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आकार डमरूसारखा, मधे बारीक कंबर. डबीवर छापलेलं असतं ४.४९ किंवा ४.५०. हा डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. शंभराव्या भागाचा फरक, आणि तरी दोन वेगळ्या डब्या! डोकं नळीच्या खाचांवर टेकतं, आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबानं फुगून फट बंद करतो. ओळखलंत? मिनियेचीच युक्ती, पावणेदोनशे वर्षांनंतर. आणि दहा मीटरवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा.

आता हात धुण्याबद्दल

ज्या मऊपणामुळे शिसं नळीला घट्ट बसतं, त्याच मऊपणामुळे ते बोटांनाही लागतं. छर्रे हाताळल्यावर बोटं करडी होतात ती शिशामुळे. अखंड कातडीतून ते फारसं आत जात नाही. ते तोंडातून आणि श्वासातून जातं. रेंजवरून निघून थेट वडापाव हातात घेतलात, तर चटणीबरोबर शिसंही पोटात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कुठलीही पातळी माहीत नाही. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण हाडांत बसलेलं वर्षानुवर्षं राहतं. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. लहान मुलांची आतडी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेऊ शकतात आणि नुकसान होतं ते वाढत्या मेंदूचं. तुम्ही शूटिंग करून आलात आणि त्याच कपड्यांनी धाकट्या भाचीला मांडीवर घेतलंत, तर धोका तुमच्यापेक्षा तिला जास्त.

ओतकामात तर हे सगळं वाढतं. त्या तापमानाला शिशाची वाफ फार होत नाही, हे खरं. पण वर जमणारी मळी कोरडी झाली की तिची पूड उडते, फरशीवर बसते, चपलेला लागून घरभर जाते. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन शिसं चेहऱ्यावर उडतं. आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवायचा विचार मनात आलाच तर तो तिथेच सोडा. त्यात ॲसिड असतं, आणि त्या धातूतून विषारी वायू तयार होऊ शकतात. बॅटरी दुकानदाराला परत द्या, पैसेही मिळतात.

जंगलातही हाच हिशेब आहे. शिकारीत गोळीचे कण मांसात राहतात, ते खाऊन गिधाडवर्गातले कॉन्डॉर मरायला लागले, म्हणून कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. युरोपियन युनियननं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद केले. तांब्याच्या गोळ्या आणि कथलाचे छर्रे मिळतात, पण ते शिशापेक्षा हलके पडतात, म्हणून सगळी गणितं पुन्हा मांडावी लागतात.

तर रेंजवर जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. छर्रे दातात धरू नका, घाईत बरेच जण धरतात. निघताना साबणानं हात आणि तोंड धुवा, मगच खा. रेंजचे कपडे वेगळे धुवा आणि बूट दाराबाहेर काढा. सराव नियमित असेल, विशेषतः बंद रेंजमध्ये पॉइंट टू टूचा, तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. काडतुसाच्या टोपीतल्या रसायनातही शिसं असतं, त्यामुळे तिथला धूरही मोजायला हवा.

आणि ज्यांना तो गॅरेजवाला व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी: मापाचा नाद चांगला आहे, तो सोडू नका. क्रीडासंकुलात किंवा एखाद्या मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये नाव नोंदवा, प्रशिक्षकाच्या हाताखाली शिका, ४.४९ आणि ४.५० च्या डब्या शेजारी ठेवून आपल्या रायफलला कुठली मानवते ते कागदावर बघा. भट्टी नाही, भीती नाही, आणि केसाहून बारीक फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

आजच्यापुरतं इतकंच. प्रश्न कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी घेऊ. आणि हो, आत्ता हातात छर्ऱ्यांची डबी असेल, तर फोनवर बोट फिरवण्याआधी हात धुऊन या.